नजरेचा उशीर

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांची शिष्या थकून आली. आचार्यांचे आडनाव केळुसकर, शिष्येचे नाव मृण्मयी. पक्षाघाताने ज्यांचे हात गेले, त्यांना घास भरवणारा यंत्रहात ती घडवत होती. कॅमेऱ्याने ओठ शोधायचे आणि हाताने चमचा तिथवर न्यायचा. पण समोरच्याने मान जराशी हलवली, की चमचा हनुवटीवर आपटे. सावरायला जाई, तो नाकाला लागे. तिच्या मावशीने, यमुनाताईंनी, त्या सकाळी तोंड घट्ट मिटून घेतले होते. “नको गं बाई. त्यापेक्षा उपाशी बरी.”

“सर, याहून स्पष्ट दिसणारा कॅमेरा हवा,” मृण्मयी म्हणाली. “आधीचा बदलूनच हा बसवलाय. आता माझ्यातच त्राण उरलं नाही.”

त्राण आचार्यांतही फारसे नव्हते. त्यांनी घरातून खिरीची वाटी मागवली, तिला समोर बसवले, तिच्या ओठांकडे नीट पाहिले आणि डोळे मिटून चमचा वेगाने पुढे नेला. तिने दचकून मान वळवली. खीर गालावरून ओघळली.

“सर, हे काय!”

आचार्यांनी पुन्हा चमचा भरला, पुन्हा डोळे मिटले. या वेळी हात सावकाश निघाला. वाटेत त्यांनी एकदा डोळे उघडून पाहिले आणि ओठांजवळ चमचा थांबवला. मृण्मयीच किंचित पुढे झुकली.

“पहिल्यांदा माझी नजर चुकली नव्हती,” आचार्य म्हणाले. “ओठ मी पाहिले तिथेच होते, पण मघाशी. कॅमेरा चित्र घेतो, संगणक त्यात ओठ शोधतो, तोवर माणूस हललेला असतो. तुझा हात ती शिळी बातमी ताजी समजून धावतो. चुकला, की तितक्याच जोराने उलटा धावतो. डोळा कितीही सुधारलास तरी थोडा उशीर राहणारच. तो किती, हे हाताला कळू दे आणि त्या मानाने त्याचा वेग आवर. तू डोळा वेगळा घडवलास, हात वेगळा.”

मृण्मयीने गाल पुसला. कॅमेरा तिने तोच ठेवला; पुढचे कित्येक आठवडे ती हाताची चाल बदलत राहिली.

मग एका दुपारी यमुनाताई नाखुशीनेच टेबलाशी बसल्या. चमचा निघाला, तशी त्यांनी भीतीने मान फिरवली. चमचा हवेतच थांबला. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“माझ्यासाठी थांबलाय का गं हा?”

“हो, मावशी.”

त्यांनी हळूच तोंड उघडले. घास चावायला त्यांना फार वेळ लागला. मृण्मयी शेजारी बसून होती. कित्येक महिन्यांत प्रथमच तिलाही कसली घाई नव्हती.