पोकळ करंजी

आमच्या बोरखडीच्या चर्चमध्ये नाताळची उपासना संपली की दाराशी खाऊची पुडी मिळते. पाहुणे, उघडून बघा. चुरमुरे, एक संत्रं आणि दोन करंज्या. त्यातली एक हलकी लागेल, आत काहीच नाही. तक्रार करू नका. ती मुद्दाम तशी केलेली असते आणि डोळे मिटूनच खायची असते.

असं सांगतात की, ते दुष्काळाचं साल होतं. घरोघरी बायबल वाचून दाखवणारी सलोमीबाई संडेस्कूलच्या पोरांना बोलून बसली, ‘नाताळला करंजी देईन.’ मग घरटी चिमूटभर मागत फिरली. कुणी गुळाचा खडा दिला, कुणी खोबऱ्याचा तुकडा, कुणी खसखस. पाटलिणीने वेलदोडा दिला. एकच. तो कुटला तेव्हा म्हणे वास वेशीपर्यंत गेला आणि शिवारातले उंदीर रांगेने उपासनेला आले. उंदरांचं मी छातीठोक सांगत नाही.

सारणाचं पातेलं तिने चर्चमध्ये ठेवलं, घरापेक्षा तिथे सुरक्षित म्हणून. आणि तिथेच भजनी मंडळाची तालीम. मंडळाचे म्होरके लाजरसबुवा, त्यांनी चव बघितली, मग पेटीवाल्याने, मग झांजवाल्याने. प्रत्येकाने चिमूटभरच. पण नाताळच्या गाण्यांना कडवी फार. शेवटच्या कडव्याला पातेलं लख्ख.

आता आली का पंचाईत? बाईची करंजी खोटी ठरली, तर पोरं तिने सांगितलेल्या येशूच्या गोष्टीही खोट्याच धरणार.

ती ओरडली नाही. घरात पीठ होतं, त्याच्या पोकळ करंज्या तळल्या. नाताळच्या सकाळी चाळीस पोरांपुढे बुवांना उभं केलं आणि पहिली करंजी हातात दिली.

‘डोळे मिटा, बुवा. खा आणि आत काय आहे ते पोरांना सांगा. तुम्हाला ठाऊकच आहे.’

बुवांनी घास घेतला.

‘गूळ आहे,’ ते म्हणाले. ‘खोबरं, खरपूस भाजलेलं. खसखस. आणि वेलदोडा...’ आणि त्यांनी कान पकडले.

खाणाऱ्याइतकं खरं कोण सांगणार? पोरांनीही डोळे मिटून चावा घेतला, आणि म्हणे सारण जिभेवर उतरलं. एक चिमुरडी तर कुरकुरली, ‘बाई, माझ्यात वेलदोडा जास्त पडलाय.’

आमच्या लहानपणी पोकळ करंजी खाऊन आत काय होतं ते मोठ्याने सांगावं लागे. मी एकदा ‘मटण’ म्हणालो. आईने पाठीत धपाटा घातला. शेजारची सुवार्ता हळूच म्हणाली, ‘मलापण तेच लागलं.’ त्या धपाट्यासकट ती चव अजून जिभेवर आहे. आई नाही.

आजही बोरखडीत भजनी मंडळाला दोन्ही करंज्या पोकळच मिळतात. मी तीस वर्षं ढोलकी वाजवतोय. तेव्हा पाहुणे, घ्या ती हलकी आणि मिटा डोळे. आत काय आहे ते मी सांगतो. आणि ती भरलेली... तेवढा वेळ मी धरू का?