कोपऱ्यावरची कमान

एकदा एका वृद्ध स्थपतींकडे जुन्या बाजारपेठेतल्या एका दुकानाचे काम आले. दुकान कापडाचे, अगदी चौकाच्या कोपऱ्यावरचे. त्याच्या दगडी कमानींवर तैलरंगाचे थर चढले होते, कोरीव सागवानी दारांवर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. मालक असलेल्या व्यापाऱ्याची इच्छा एवढीच, की पणजोबांच्या काळी दुकान जसे दिसे तसे ते पुन्हा दिसावे.

स्थपतींनी काम आपल्या शिष्येवर सोपवले. तिने कुठूनसे त्या काळचे छायाचित्र मिळवले आणि त्याबरहुकूम कामाला लागली. पाट्या उतरल्या, रंग निघाला, आतला काळा पाषाण उजेडात आला.

उरली ती कोपऱ्यावरची कमान. तिच्याखाली बशीरभाई नावाचे गृहस्थ छत्र्या दुरुस्त करत बसत. छायाचित्रात मात्र ती जागा रिकामी होती.

"मग त्यांना उठावं लागेल," व्यापारी म्हणाला. शिष्येलाही ते योग्य वाटले. बशीरभाईंनी काड्या, तारा, कापडाचे तुकडे पेटीत भरायला घेतले.

कमानीच्या आत, भिंतीवर एक तेलकट, गुळगुळीत डाग होता. तो काढून दगड एकसारखा करायचा म्हणून पाथरवटाने टाकी उचलली. तोच स्थपती पुढे झाले आणि त्या डागाला पाठ टेकून खाली बसले. बसले ते बसलेच. पाथरवट खोळंबला, व्यापारी येरझारा घालू लागला.

शेवटी शिष्या म्हणाली, "गुरुजी, उठता ना? काम अडलंय."

"मी उठतो. तू बस," ते म्हणाले.

ती संकोचत बसली, मागे टेकली आणि चमकली. दगड किंचित खोलगट होता. तिची पाठ त्यात अलगद सामावली.

"हे बशीरभाईंच्या पाठीमुळे?" तिने विचारले.

"त्यांना इथे वीसेक वर्षं झाली असतील. तेवढ्यानं असा पाषाण झिजत नाही."

"पण छायाचित्रात तर इथे कुणीच नाही!" असे म्हणत तिने ते पुन्हा डोळ्यांजवळ नेले. सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. दुकानाची दारे बंद होती. "हे भल्या सकाळी काढलंय," ती पुटपुटली. "बाजार उघडायच्या आधी."

स्थपती म्हणाले, "छायाचित्रानं एक क्षण पाहिला, तोही खरा. या दगडानं मात्र पिढ्या पाहिल्या. वास्तू पूर्ववत करायची म्हणजे तिचा चेहरा तेवढा धुवायचा नसतो. तिच्या आधारानं कोण जगत होतं, हेही विचारायचं असतं."

व्यापारी जवळ आला. "म्हणजे पणजोबांच्या काळीही इथे कुणी बसत असे? कोण?"

"ते मला ठाऊक नाही. पण तुमच्या पणजोबांनी त्याला उठवलं नाही, एवढं हा दगड सांगतो."

व्यापारी बराच वेळ त्या डागावरून हात फिरवत राहिला. मग रस्त्याकडेला ठेवलेली बशीरभाईंची पेटी त्याने स्वतः उचलली आणि कमानीखाली आणून ठेवली.

शिष्येने आराखड्यासाठी नवा कागद घेतला आणि बशीरभाईंच्या शेजारी बसत विचारले, "भाई, तुम्हाला उजेड कोणत्या बाजूनं लागतो?"