मुशीचा महागडा तुकडा

खाडीकाठच्या एका कांदळवनात एक कोल्हीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाबरोबर राहत असे. ओहोटी लागली की ती चिखलात अडकलेल्या तारल्या आणि मांदेल्या गोळा करी. पिल्लू त्या काट्यांसकट फस्त करी. एके दिवशी एक घार खाली उतरली आणि चोच मुरडून म्हणाली, "शी! ही बोटभर मासळी खाऊन पोर कधी धट्टंकट्टं व्हायचं? मुशी खाऊ घाल त्याला!" मुशी म्हणजे समुद्रातला मोठा शार्क मासा. होड्यांवरून पळवलेले त्याचे तुकडे घारीकडे असत. एका तुकड्याच्या बदल्यात ती ढीगभर खेकडे मागे.

कोल्हिणीला वाटलं, आपल्या गरिबीपायी लेकराचे हाल का व्हावेत? मुलांनो, ती बिचारी दिवसभर चिखल उकरी, पंजे सोलवटून घेई, स्वतः उपाशी राही. पण पिल्लाला मुशी भरवी. काही महिन्यांत पिल्लू धडपडू लागलं. चालताना त्याचा तोल जाई, हाक मारली तरी चटकन कळत नसे. घाबरून ती म्हाताऱ्या कासवाकडे धावली. "काय भरवतेस त्याला?" कासवाने विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. "अगं, पाण्यात पारा असतो, विषारी! मोठा मासा वर्षानुवर्षं लहान माशांना गिळतो आणि तो सगळा पारा त्याच्या अंगात साठतो. तारली थोडेच दिवस जगते, तिच्यात तो फारसा साठत नाही. ताकद मात्र भरपूर!"

कोल्हीण तडक घारीच्या झाडाखाली गेली. वर घार आपल्या पिल्लाच्या चोचीत तारली भरवत होती.

कोल्हिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्या पिल्लाला तारली, आणि माझ्या पिल्लाला विष?"

"मी काय बळजबरी केली होती?" घार म्हणाली.

"बळजबरी नाही, फसवणूक केलीस! माझ्या मायेचा बाजार मांडलास!" कोल्हीण गरजली. त्याच पावली ती कांदळवनातल्या प्रत्येक आईकडे गेली आणि सगळं सांगून आली. त्या दिवसापासून घारीला एकही खेकडा मिळाला नाही. पिल्लू पुन्हा तारल्या खाऊ लागलं. नीट चालायला त्याला पुढचे कितीतरी महिने लागले, आणि तेवढे महिने कोल्हिणीचा राग काही शमला नाही.

तात्पर्य : महाग ते पौष्टिक असं कुणी सांगू लागलं, तर तो स्वतःच्या लेकरांना काय भरवतो ते आधी पाहा; लहान, स्वस्त माशात ताकद भरपूर असते आणि विष कमी.