शेवटच्या होडीचे नाव

मुरडखोलच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, चढून गेलात की पहिल्यांदा दिसतो तो काँक्रीटचा चौकोनी ओटा. त्यातून गंजलेले लोखंडी खुंट वर आलेले आहेत. इथे एकेकाळी रेडिओ केंद्राचा मनोरा उभा होता. बाजूला छप्पर उडालेली एक खोली आहे आणि खोलीमागे जांभ्यात खणलेला एक अरुंद, खोल खड्डा. एप्रिलमध्ये सड्यावरचे गवत हात लावताच मोडते, पण खड्ड्याभोवतीची माती तेव्हाही ओली असते. खाडीवरच्या बायका पाळीपाळीने रोज तिन्हीसांजेला त्यात कळशीभर पाणी ओततात. केंद्र कुणी उभारले, केव्हा बंद पडले, एवढे सांगणारा साधा फलकसुद्धा तिथे लावायला कुणाला सवड झालेली नाही. पाण्याचा मात्र एका दिवसाचाही खाडा नाही.

आम्ही कॉलेजातले चौघे तिथे गेलो, तेव्हा ओट्यावर बाबल आजो बसले होते. आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला जुना ट्रान्झिस्टर. ही हकीकत त्यांनी सांगितली, आणि त्यांना ती त्यांच्या आईने.

असे सांगतात की केंद्र लहानच होते, पण त्याचा आवाज दर्यात लांबवर जाई. दुपारच्या प्रसारणसभेच्या शेवटी मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना वाचली जाई आणि ती वाचायची भिवा तांडेलाची मुलगी, हौसा. मॅट्रिक झालेली, गळा स्वच्छ. भिवा होडीवर ट्रान्झिस्टर घेऊन जायचा आणि तिचा आवाज आला की सोबत्यांना म्हणायचा, "घरात आयेचा आयकणा नाय, आणि आता सगळ्या दर्याक शिकयता!"

भिवानेच एक युक्ती शोधली म्हणे. ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज बारीक होत होत नाहीसा होतो. त्या क्षणी त्याचे अरुंद टोक जिकडे असेल, तिकडे सडा. धुक्यात किनारा दिसेनासा झाला की सारे खलाशी असेच करू लागले. "आवाज मेलो, थंय घर," ही म्हण तेव्हापासूनची.

खोलीमागचा खड्डा मनोऱ्याच्या अर्थिंगच्या तारा जमिनीत पुरण्यासाठी होता. त्याच्या तळाशी मीठ आणि कोळसा असे. जांभा कोरडा पडला की केंद्राचा आवाज क्षीण व्हायचा, म्हणून कामावर येताना हौसा रोज एक कळशी आणून त्यात ओतायची. आणि सूचना वाचून झाली की कागदावर नसलेले दोन शब्द बोलायची, "घराकडे येवा."

केंद्रप्रमुख शहरातून आलेले होते. ते दर वेळी तिला बजावत, "कागदावर नाही ते बोलायचं नाही, बाई."

एका वर्षी दसरा झाल्यावर एका दुपारी आभाळ अचानक काळे पडले. होड्या सगळ्या बाहेर होत्या. वीज कडाडू लागली की यंत्र बंद करायचे, असा नियम होता. केंद्रप्रमुख स्टुडिओच्या दारात येऊन म्हणाले, "सभा संपली. उठा."

"साहेब, माझा बापूस बाहेर आहे."

"सगळ्यांचेच बाप बाहेर आहेत."

"म्हणूनच," हौसा म्हणाली. मग तिने सड्यावरच्या देवीला हाक मारून सर्वांदेखत सांगितले, की शेवटची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत मी तोंड मिटणार नाही. आणि ती एकेका होडीचे नाव घेऊ लागली. नाव, आणि पुढे "घराकडे येवा". पुन्हा दुसरे नाव.

थोड्याच वेळात मनोऱ्यावर वीज कोसळली. यंत्र जळाले, तारा वितळल्या. केंद्रप्रमुख आणि तंत्रज्ञ जीव घेऊन सडा उतरले. केंद्र मुके झाले, असे त्यांनी बंदरावर सांगितले. बायकांनी आकांत मांडला.

पण दिवेलागणीपर्यंत होड्या येत राहिल्या. एकामागून एक, काळोख फाडून. प्रत्येक होडीवरचा माणूस हेच म्हणाला, की आवाज थांबलाच नाही. आमचे नाव घेत होती, आम्ही टोक धरून आलो.

सगळ्या आल्या. भिवा तांडेलाची आली नाही.

माणसे सड्यावर धावली. स्टुडिओची खुर्ची रिकामी होती. खड्ड्याच्या काठावर हौसाची कळशी आडवी पडली होती. माणूस जेमतेम मावेल एवढा तो खड्डा. एकाने ओणवे होऊन पाहिले, आत कुणी नव्हते; मग कान लावला आणि तो मागे कोसळला. आतून एकच नाव ऐकू येत होते, पुन्हा पुन्हा. बापाच्या होडीचे.

तेव्हापासून धुके पडले आणि खड्डा ओला असला, की बाहेर गेलेल्या होडीवर ट्रान्झिस्टर बोलतो, असे सांगतात. मुरडखोलची होडी वाट चुकत नाही.

आमच्यातली ऋजुता उसळून म्हणाली, "मग त्या नावाची एक होडी बांधा ना! ती किनाऱ्याला लागली की सुटेल बिचारी."

"बांधलेली," आजो म्हणाले.

रघू खवळे नावाचा माणूस मुंबईहून परतला. त्याने नवी होडी बांधली आणि हट्टाने तेच नाव दिले. होडी समुद्रात फिरून धक्क्याला लागली त्या संध्याकाळपासून ट्रान्झिस्टर मुके झाले. पुढच्याच धुक्यात दोन होड्या खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, फुटल्या. गावाने रघूच्या होडीवरचा नावाची फळी उपटून वाळूत जाळली. मग बऱ्याच दिवसांनी आवाज पुन्हा आला. पण बसलेला. खूप रडल्यावर बसतो तसा.

"म्हणजे तुम्ही तिला अडकवून ठेवलंय," ऋजुता म्हणाली.

आजोंनी तिच्याकडे पाहिले. "होय गो. पण माझो नातू आज भायर गेलो हा. तेका घराकडे कोण आणतलो?"

खाली दर्यावर पांढरा पडदा सरकत होता. आजोंची सून कळशी घेऊन सडा चढून आली. तिचाच मुलगा बाहेर होता. आजोंनी ट्रान्झिस्टर लावला. नुसती खरखर आली, त्याहून जास्त काही ऐकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी तो आडवा धरून फिरवला. खरखर बारीक होत गेली आणि एका जागी पार थांबली. टोक खड्ड्याकडे होते.

सून कळशी घेऊन खड्ड्याकडे वळली. ऋजुता उठली, तिच्या हातून कळशी घेतली आणि स्वतः ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी आत पडल्याचा आवाज आला नाही.

आजही मुरडखोलच्या बंदरावर होड्यांची रंगीत नावे वाचत फिरा. देवांची सापडतील, नद्यांची, लेकीबाळींची. एक नाव मिळणार नाही. गावात ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तिथे ते कुणी उच्चारत नाही, कुठे रंगवत नाही, लिहीत नाही. इथेही ते लिहिलेले नाही.