आवडाबाईचं काजळाचं बोट

नानू, डोळे चोळू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला? हात खाली घे. शकू, तू हसू नकोस त्याला, सकाळी तूसुद्धा तेच करत होतीस. दोघंही नीट आडवी व्हा, नाहीतर मी ही चालले. हं. आता ऐका.

एक होता राजा आणि एक होती त्याची नगरी. राजवाड्यापुढं होतं भलंथोरलं चिंचेचं झाड, आणि त्या चिंचेच्या ढोलीत राहायचं एक घुबड. पण ही गोष्ट राजाची नाही, बरं का. गोष्ट आहे आवडाबाईची.

आवडाबाई म्हणजे काजळ घालणारी म्हातारी. एरंडेलाचा दिवा लावायची, त्यावर तांब्याची वाटी उपडी घालायची, काजळी धरली की लोण्यात खलून चांदीच्या डबीत भरायची. मग सकाळी नगरातल्या सगळ्या लेकुरवाळ्या आपापलं तान्हं घेऊन राजवाड्याच्या ओसरीवर यायच्या. आवडाबाई पदराच्या टोकानं बाळाचे डोळे पुसायची, डबीत बोट बुडवायची, डोळ्यांत काजळ घालायची आणि गालावर तीट लावायची. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. रीतच होती तशी. राजाला काजळ तिनंच घातलं होतं, राजाच्या बापालाही तिनंच. तिचं बोट लागलं की पोराला दृष्ट लागत नाही, असं सगळे म्हणायचे. म्हातारीला त्याचा केवढा अभिमान!

पण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिला दिसेनासं झालं होतं.

हळूहळू झालं ते. दुधावर साय धरते ना, तशी डोळ्यांवर साय धरली. मोतीबिंदू म्हणतात त्याला. उन्हात गेली की डोळे दिपायचे, दिव्याभोवती कडं दिसायचं, आणि माणसं म्हणजे नुसती धुक्यात चालणारी लुगडी आणि धोतरं. आता सांगावं की नाही? पण आवडाबाई मनात म्हणायची, "दिसत नाही म्हटलं तर मला कोण विचारणार? माझी डबी दुसरीच्या हातात देतील." म्हणून गप्प. आवाजावरून माणूस ओळखायची आणि वेळ मारून न्यायची.

आणि मग काय काय गमती व्हायच्या! एकदा ओसरीवर कुत्र्याचं पिल्लू येऊन बसलं. आवडाबाईनं घेतलं मांडीवर, घातलं काजळ, वर म्हणते, "काय गं बाई जावळ याचं!" दुसऱ्यांदा पहारेकऱ्याच्या मिशीलाच काजळ फासलं. आणि तिसऱ्यांदा तर कहरच झाला. प्रधानजी नमस्काराला वाकले. त्यांचं टक्कल गुळगुळीत. आवडाबाईला वाटलं, कुणी बाळच पुढं केलंय. लावली की टकलावर तीट! प्रधानजी बिचारे आशीर्वाद समजून दिवसभर तसेच हिंडले. हसा, हसा. पण म्हातारीला रात्री रडू यायचं, ते कुणाला दिसायचं नाही.

त्यातच राणीला कितीतरी वर्षांनी लेक झाली. सगळी नगरी म्हणायची, "काय ते रूप! नाक तर अगदी चाफेकळी!" आवडाबाई रोज त्या पोरीला मांडीवर घ्यायची. तिचा वास ओळखीचा झाला, रडणं ओळखीचं झालं, मऊ मऊ तळपाय ओळखीचे झाले. पण तोंड? तोंड म्हणजे नुसता एक पांढुरका गोळा. "तीन पिढ्यांची तोंडं बघितली मी, आणि हिचंच तेवढं दिसू नये ना!" असं म्हणत ती देवाशी भांडायची.

मग एके दिवशी काय झालं, तांबटाच्या बाळाचे डोळे आले. लालभडक झाले, चिपडांनी पापण्या चिकटल्या. दुसऱ्या दिवशी कोष्ट्याच्या जुळ्यांचे आले. मग बघता बघता गल्लीच्या गल्ली लाल डोळ्यांची झाली, आणि शेवटी राजकन्येचेही डोळे आले. पोरीला डोळे उघडता येईनात. रडून रडून घसा बसला तिचा.

राजानं दरबार भरवला. प्रधानजी म्हणाले, "महाराज, ते चिंचेवरचं घुबड टक लावून बघत असतं. त्याचीच दृष्ट लागली." झालं! सगळे म्हणाले, हो हो, त्याचीच. राजानं हुकूम सोडला, "उद्या सकाळी चिंच तोडा आणि घुबडाला मारा. आणि तोवर पोरांना दुप्पट काजळ घाला!"

काय म्हणतात ते? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तसली गत.

आवडाबाईनं दुप्पट काजळ घातलं. डोळे दुप्पट लाल झाले. तिन्हीसांजेला ती थकून चिंचेच्या पारावर येऊन बसली. तेवढ्यात वरून आवाज आला, "आवडाबाई, ए आवडाबाई!"

"कोण गं बाई?"

"मी घुबड. गेल्या उन्हाळ्यात माझं पिल्लू खाली पडलं होतं. कावळे टोचायला आले होते. तू त्याला पदरात घेतलंस आणि शिडी लावून ढोलीत ठेवायला लावलंस. ते मी विसरलेलो नाही. म्हणून खरं सांगतो. माझी कसली दृष्ट? मी दिवसा पेंगतो. रोग तुझ्या बोटावर बसून फिरतोय."

अगं आई गं! आवडाबाई केवढी भडकली! "जीभ झडो मेल्या तुझी! या बोटानं राजे मोठे केले मी!"

घुबड शांतपणे म्हणालं, "रागावू नकोस. माझे डोळे घे थोडा वेळ. पापणी लवेपर्यंतच मिळतील, जास्त नाही. पण तेवढ्यात कुणालाच दिसत नाही तेसुद्धा तुला दिसेल. काय बघायचं ते तुझं तू ठरव."

आता बघा हं. समोरच राजवाड्याची खिडकी होती. खिडकीत राणी उभी होती, आणि राणीच्या कडेवर राजकन्या. आवडाबाईला तिचं रडणं ऐकू येत होतं. नुसती मान वर केली असती तरी तोंड दिसलं असतं! इतके दिवस ज्याच्यासाठी देवाशी भांडली, ते तोंड. आवडाबाईचा जीव खालीवर झाला. मान वर गेलीसुद्धा थोडी.

पण मग ते रडणं पुन्हा ऐकू आलं. म्हातारीनं मान खाली घातली, आणि आपल्या बोटाकडे बघितलं.

काय दिसलं असेल? बोटावर ही एवढी एवढी, मोहरीहून बारीक, लाल टोप्या घातलेली भुतं! दाटीवाटीनं बसलेली, जत्रेला निघालेल्या बैलगाडीत बसतात तशी. डबीत तीच, पदराच्या टोकाला तीच. आणि पापणी लवली. पुन्हा सगळं धुकं.

आवडाबाईनं तो हात अंगापासून लांब धरला. "माझ्याच हातानं रे," म्हणाली. "माझ्याच हातानं माझी लेकरं..." आणि ढसाढसा रडली.

घुबड म्हणालं, "रडून काय होणार? तुला कुठं ठाऊक होतं! आता ठाऊक झालंय, आता सांग सगळ्यांना."

सकाळ झाली. लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन आले. राजा आला, राणी आली, गाव लोटला. पहिला घाव पडणार, तोच आवडाबाई बुंध्याला मिठी मारून उभी राहिली. "महाराज, थांबा! घुबडाचा काही दोष नाही. एकाच्या डोळ्याची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात गेली, ती माझ्या बोटानं. बोट एक, डबी एक, पदर एक. आणि आणखी ऐका. मला कितीतरी दिवस दिसत नाही. मी लपवलं." आणि तिनं चांदीची डबी राजाच्या पायांशी ठेवली.

सगळे आ वासून बघत राहिले. प्रधानजींचा हात हळूच टकलाकडे गेला. राजाला असा राग आला, असा राग आला, की काय शिक्षा द्यावी तेच सुचेना. पण राणी शहाणी होती, बरं का. ती म्हणाली, "आवडाई, आता करायचं काय तेवढं सांग."

आवडाबाई म्हणाली, "काजळ बंद. पाणी उकळून गार करायचं. स्वच्छ कापूस त्यात भिजवून डोळा पुसायचा आणि टाकून द्यायचा. या डोळ्याचा त्या डोळ्याला लावायचा नाही. पंचा ज्याचा त्याला. पुसायच्या आधी हात धुवायचे, पुसल्यावरही धुवायचे. दूध, मध, लिंबू असलं काही डोळ्यात पिळायचं नाही. आणि वैद्य देईल तेच औषध घालायचं."

राणीनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी आपले हात धुतले. राणीनं धुतले म्हटल्यावर घरोघरी घंगाळी चुलीवर चढली. मग काय! थोड्याच दिवसांत तांबटाचं बाळ बघायला लागलं, कोष्ट्याची जुळी एकमेकांचे केस ओढायला लागली, आणि राजकन्येनं टकाटका डोळे उघडले. चिंच वाचली. घुबड वाचलं. राजाचा राग कुठल्या कुठे पळाला.

सगळ्यांना दिसायला लागलं. नाही दिसलं ते आवडाबाईला.

राजा म्हणाला, "आता हिचे डोळे बरे करा!" मग आला एक मांत्रिक. त्यानं अंगारा फुंकला. आवडाबाईला शिंका तेवढ्या आल्या. मग आला एक बुवा. त्यानं डोळ्यांत मध घालायला काढला. आवडाबाईनं त्याला असं झापलं, की तो मध तिथंच टाकून पळाला. शेवटी आली नदीपल्याडची ठमा वैदीण. तिनं आधी हात धुतले. तिथंच आवडाबाईला ती आवडली.

ठमा म्हणाली, "ही साय औषधानं विरघळत नाही, आजी. ती काढावी लागते. आणि काढली की त्या जागी एक स्वच्छ थेंब बसवावा लागतो. अळूच्या पानावरचा, पहाटेचा, कुणाच्याही मळक्या बोटाचा स्पर्श न झालेला."

"अळवावरचं पाणी कधी टिकलंय का बाई?" आवडाबाई म्हणाली. तिची खरं तर पाचावर धारण बसली होती. डोळ्याला हात लावणार म्हणे! "जाऊ दे. म्हातारीचे राहिलेत किती दिवस."

तेव्हा राणी तिच्या कानाशी वाकली. "आवडाई, माझ्या लेकीचं तोंड बघायचं नाही का?"

आवडाबाई हळूच म्हणाली, "काढ गं बाई साय."

आता थेंब कोण आणणार? राजा म्हणाला, सैन्य पाठवतो. नगरातली पोरं म्हणाली, "सैन्य नको. आजी आमची आहे. आम्ही आणतो." पहिल्या पहाटे पोरं तळ्यावर गेली आणि पान घेऊन धावत सुटली. थेंब गेला घरंगळत. दुसऱ्या पहाटे मी आधी, मी आधी करून भांडली. थेंब फुटला. तिसऱ्या पहाटे सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. तळ्यापासून राजवाड्यापर्यंत ओळ धरली, आणि पान या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात असं अलगद दिलं. कुणी बोललं नाही, कुणी खोकलं नाही. थेंब जसाच्या तसा पोचला.

ठमानं डोळा बधिर करणारं औषध घातलं. भात शिजायच्या आत साय निघाली, थेंब बसला. दुखलं का म्हणून विचाराल, तर आवडाबाई मध्येच विचारत होती, "अगं, सुरू कधी करणार?" मग डोळ्यावर पट्टी. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. ऐकतोयस ना, नानू? पुढं दुसऱ्या डोळ्याचंही तसंच केलं म्हणा, पण ते नंतर.

पट्टी सोडायचा दिवस आला. अख्खी नगरी ओसरीवर जमली. राणीनं राजकन्येला आवडाबाईच्या मांडीवर बसवलं. ठमानं पट्टी सोडली. आवडाबाईनं डोळा उघडला. बघितलं. पुन्हा नीट निरखून बघितलं.

आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई! ही तर नकटी आहे!"

राजकन्येला नकटी म्हणाली! प्रधानजींनी डोळेच मिटून घेतले. राजानं राणीकडे बघितलं, राणीनं राजाकडे. खरंच होतं ते, पण राजाच्या भीतीनं कुणी बोललं नव्हतं. आणि मग राजा जो हसायला लागला, तो थांबेचना! "दिसतंय! अरे, आवडाईला खरंच दिसतंय!"

आवडाबाईला कुठलं भान! ती पोरीचं ते बसकं नाक, बोळकं तोंड, गालावरची लाळ बघतच राहिली. "नकटी गं माझी बाय ती," म्हणाली. "चाफेकळी कोण म्हणालं गं? याहून गोड नाक मी जन्मात बघितलं नाही." बोलता बोलता डोळे भरून आले, पण तिनं पदर लावला नाही, आणि चोळले तर नाहीच. ठमानं स्वच्छ कापसानं टिपले.

मग तिनं ओळीतल्या एकेका पोराला जवळ बोलावलं. "तू कुणाचा? तू कुणाची? तुमच्या हातांनी मला डोळे दिले रे!" म्हणून सगळ्यांच्या हातांचे मुके घेतले. ठमाच्या पाया पडायला निघाली, तर ठमा म्हणाली, "वाकायचं नाही सांगितलंय ना?" म्हणून नुसते हात जोडले. आणि चिंचेकडे बघून म्हणाली, "घुबडदादा, पापणीभर दिलंस, पण जन्माचं दिलंस." घुबड दिवसाढवळ्या एक डोळा उघडून म्हणालं, "बरं बरं. आता झोपू दे."

त्या दिवसापासून त्या नगरीत बाळाच्या डोळ्यांत कुणी काजळ घालत नाही. तीट लावतात, ती कानामागं. आणि बाळाला घ्यायच्या आधी हात धुतात. चांदीची डबी? ती धुऊन पुसून चिंचेला टांगली. घुबड तिच्यात पाणी पितं. आवडाबाई पुष्कळ वर्षं जगली, आणि राजवाड्यातली कोळिष्टकं दाखवून दाखवून तिनं नोकरांना अगदी सळो की पळो करून सोडलं.

संपली गोष्ट. आता मिटा डोळे. बाहेर घुबड ओरडलं तर घाबरायचं नाही. हात धुतले का, एवढंच विचारतंय ते. आवडाबाईला जसं लख्ख दिसलं, तसं सकाळी तुम्हालाही दिसो, माझ्या नकट्यांनो. झोपा.