तात्पुरतं नावाचा राजपुत्र

खूप खूप वर्षांपूर्वी एका राज्यात सगळी कामं एक राक्षस करायचा. तो ताकदवान होता, प्रामाणिक होता आणि त्याला डोकं अजिबात नव्हतं. नाव सांगाल ती वस्तू तो उचलायचा आणि हातात घेतलेलं काम संपल्याशिवाय थांबायचा नाही.

म्हणून तिथे प्रत्येक वस्तूचं बारसं व्हायचं. घागर असो की गाढव, पाळण्यात घालायचं आणि राजाच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, कानात नाव सांगायचं. घागरीला काठाशी सांगायचं. नियम तीन होते. नाव आकड्याने सुरू करायचं नाही, मध्ये फट ठेवून दोन शब्द करायचे नाहीत आणि एकाचं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही. त्यामुळे चांगली नावं लवकर संपली. विक्रमसेन हे नाव एका खलबत्त्याकडे होतं.

राजाला या सगळ्याचा कंटाळा आला. नवीन काही आलं की तो राक्षसाला सांगायचा, "याचं नाव तात्पुरतं. बारसं नंतर बघू." गळकी घागर तात्पुरतं झाली. नवं सिंहासन तात्पुरतं झालं. नदीवरचा पूलही झाला.

मग राजाला मुलगा झाला. याचं तरी बारसं वेळेवर कर, असं अक्का म्हणाली. पण त्या दिवशी शिकार ठरली होती.

"पोरगं कुठे पळून जातंय, अक्का? सध्या तात्पुरतं म्हणा."

एका सकाळी गळक्या घागरीच्या पाण्यावरून राजा घसरून पडला. चिडून त्याने राक्षसाला हुकूम दिला, "तात्पुरतं नदीत फेकून दे."

राक्षसाने घागर फेकली. सिंहासन फेकलं. पूल उपटून फेकला. पुलावरच्या दोन शेळ्या मात्र त्याने आधी उचलून काठावर ठेवल्या, कारण त्यांची बारशी झाली होती. मग तो परत आला आणि पाळण्यातलं बाळ उचलून निघाला.

राजाने थांब म्हणून पाहिलं. एवढं एकच राहिलंय महाराज, उरकून टाकतो, असं राक्षस म्हणाला.

अक्का त्याच्यामागे धावली आणि बाळाच्या कानाशी वाकली. "विक्रमसेन."

"खलबत्ता," राक्षस चालता चालता म्हणाला.

"यशोधन."

"गाढव."

नदी आली. अक्काने खाली पाहिलं. काठावर कुणीतरी शेंगा खाल्ल्या होत्या. "शेंगेचं टरफल."

"मध्ये फट आहे," राक्षस म्हणाला आणि त्याने हात उगारला.

"शेंगटरफल."

राक्षस थांबला. असं नाव कुणाचंच नव्हतं. त्याने बाळ अक्काच्या हातात दिलं आणि तो जेवायला गेला.

पुढे तो मुलगा मोठा आणि शूर राजा झाला. दरबारात ललकारी उठायची, "महाराज शेंगटरफल येत आहेत," आणि सगळे सरदार खाली बघायचे. वडिलांशी तो शेवटपर्यंत फारसा बोलला नाही.

यातून शिकायचं ते एवढंच: ज्याला पुढे हाक मारायची आहे, त्याला आधीच, शांतपणे, त्याचं एकट्याचं नाव द्यावं.