मधल्या डब्यातल्या गोळ्या

कर्नलसाहेबांनी खिडकी आधी उघडली, की नंतर?

प्रा. भास्कर कर्णिकांना हे नक्की सांगता येत नाही. बाकी सगळं आठवतं, निदान आठवतं असं त्यांना वाटतं. टेबलावरचे तीन डबे, तापलेला पत्रा, बाहेर अंगणात फाटके झेंडे शिवत बसलेला इस्माईल. खिडकीचं मात्र कधी असं आठवतं, कधी तसं. आणि सगळं तिच्यावरच अडलेलं आहे.

“म्हणजे गोळीचा दोष नाही?” कर्नल रावराणे विचारत होते.

“नाही सर.”

“रायफलचा?”

“तीही तपासून आणली.”

“आणि तुझा तर नाहीच.”

कर्णिकांनी टेबलावरचे डबे सरळ केले.

सिन्नरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं ते मैदान होतं. फौजेतून परतल्यावर कर्नल रावराण्यांनी ते उभं केलं आणि हौशी माणसांना तिथं शिकवलं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे कर्णिक हे त्यांचे सर्वांत काटेकोर शिष्य.

एवढ्या लांबवर गोळी जाईपर्यंत वारा तिला हलवतो. म्हणून तिथं जोडीनं खेळतात. एक जण रायफल घेऊन आडवा होतो. दुसरा शेजारी बसून दुर्बिणीतून झेंडे बघतो, वारा वाचतो, आणि नेम किती सरकवायचा ते सांगतो. शेवटचा बार होईपर्यंत रायफलवाल्यानं वारेवाल्याला उलट विचारायचं नाही, असा त्या मैदानाचा रिवाज होता.

कर्णिकांचा वारेवाला इस्माईल तांबोळी. हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. इतकी वर्षं जोडी होती की मैदानावर ‘कर्णिक-तांबोळी’ हे एकच नाव झालं होतं. दुर्बिणीला डोळा लावून इस्माईल पुटपुटायचा, “आज रुसलाय रे भास्कर. दोन घरं डावीकडं धर, मग येतोय बघ कसा लाडात.” आणि गोळी बरोबर मध्यभागी जायची.

राज्य स्पर्धेत शेवटची गोळी गेली नाही. करंडक गेला.

त्या दिवशी कर्णिक इस्माईलला काहीच बोलले नाहीत. आज मात्र ते सरांकडे दुसरा वारेवाला मागायला आले होते. बाहेर बसलेल्या इस्माईलला याची कल्पना नव्हती.

“हे बघा सर.” त्यांनी डबे उघडले. काडतुसात भरायच्या आधीच्या नुसत्या गोळ्या, चकचकीत, टोकं वर करून ओळीनं लावलेल्या. “एकेक गोळी काट्यावर तोललीय. या हलक्या, या जड. दोन्ही बाजूला टाकल्या. स्पर्धेला फक्त मधल्या डब्यातल्या वापरल्या. सगळ्या एका वजनाच्या.”

“पत्रिका पण जुळवल्यास का?”

“सर, मी गंभीरपणे सांगतोय.”

“ते दिसतंच आहे.” कर्नलसाहेबांनी मधल्या डब्यातली एक गोळी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. “कुठं तोलल्यास?”

“घरी, माडीवर. दारंखिडक्या घट्ट लावून. वाऱ्याची झुळूक आली तरी काटा हलतो ना.”

“उन्हाळ्यात?”

“मे महिन्यात. सकाळी बसलो तो दिवेलागणीला उठलो. पंखासुद्धा लावला नाही.”

“वाऱ्याचा फार राग आहे तुला...”

कर्णिक हसले नाहीत.

“सकाळी कुठला डबा जास्त भरला?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“हलक्यांचा.”

“आणि संध्याकाळी?”

“जड...”

कर्णिक थांबले. बाहेर कापडातून दोरा ओढल्याचा आवाज आला. म्हणजे तेव्हा खिडकी उघडी होती? की हा आवाज त्यांनी मागाहून मनानं घातला?

“काटा शून्यावर येतोय ना, हे मी दर वेळी बघत होतो, सर.”

“शून्य नव्हे. पहिली गोळी. उठायच्या आधी पहिली गोळी पुन्हा तोललीस?”

कर्णिकांनी मधल्या डब्याकडे बघितलं. खोली तापली की काटाही बदलतो, हे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जूनमध्ये सांगत. एखाद्यानं प्रयोगाच्या शेवटी पहिलं माप पुन्हा घेतलं नाही, की त्याची वही परत टाकत.

“नाही,” ते म्हणाले. “पण त्यानं काय मोठा फरक पडणार?”

“शेवटची गोळी कुठं लागली होती?”

“उजवीकडे.”

“नुसती उजवीकडे?”

“...आणि खाली.”

“वारा बाजूला ढकलतो, कर्णिक.”

“थोडी खाली, सर. थोडीच. मुख्य चूक वारा वाचण्यातली होती. इस्माईल मित्र आहे माझा, पण खरं ते सांगायला हवं. त्याचे डोळे गेलेत. त्याचं नाव काढा आणि मला दुसरा कोणी द्या.”

हे ते मोठ्यानं बोलले. मोठ्यानं बोलायची वर्गातली सवय.



“फार कोंदट झालंय,” कर्नलसाहेब म्हणाले, आणि उठून त्यांनी खिडकी उघडली. की हे आधीच झालं होतं, डबे उघडले तेव्हा, आणि आता ते नुसतेच खिडकीशी जाऊन उभे राहिले? कर्णिकांच्या डोळ्यांसमोर दोन्ही चित्रं येतात. दोन्हींत कर्नलसाहेबांची पाठ त्यांच्याकडे आहे. दोन्हींत वारा आत येतो आणि टेबलावरचा कागद हलतो.

“त्याला आत बोलाव,” कर्नलसाहेब वळून म्हणाले.

“इस्माईलला?”

“हाक मार. इथूनच ऐकू जाईल.”

कर्णिकांनी डब्यांची झाकणं लावली. एक झाकण नीट बसेना, ते दोनदा काढून लावलं.

“आधी या गोळ्या पुन्हा तोलून बघतो, सर. एकदा खात्री झाली, की मग मीच त्याच्याशी बोलतो.”

“खात्री झाली की?”

“हो सर. उगाच अर्धवट माहितीवर काय बोलायचं?”

कर्नलसाहेबांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ कर्णिकांना तेव्हा कळला नाही. आज कळतो असं वाटतं, पण तेही खात्रीनं सांगता येत नाही.

अंगणात इस्माईल दोरा दातांनी तोडत होता. कर्णिकांना बघून उभा राहिला.

“काय मास्तर, साहेबांनी पास केलं का नापास?”

“बघू.”

“झेंडे नवेकोरे केलेत बघ. आता वाऱ्याला लपायला जागा नाही.” तो हसला. नेहमीसारखंच हसला. सगळं ऐकूनही माणूस इतकं नेहमीसारखं हसू शकतो का? की काही ऐकलं नव्हतं म्हणूनच? “चहा टाकतोय. थांब जरा.”

“नको. उशीर होतोय.”

उशीर होत नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी काटा काढला नाही. परीक्षा होत्या. मग दिवाळी आली. मग डबे फडताळात वरच्या खणात गेले. कर्णिक त्यांच्याकडे बघायचं टाळत. पुन्हा तोललं आणि आपलं खरं निघालं, तर इस्माईलला ते तोंडावर सांगावं लागेल. खोटं निघालं, तर काय सांगावं लागेल, याचा विचार ते मनात शिरू देत नसत.

कर्नलसाहेबांनी दुसरा वारेवाला दिला नाही. कर्णिकांनी पुन्हा मागितलाही नाही. ते मैदानावर जायचे कमी झाले, मग बंदच झाले. इस्माईल निवृत्त होऊन लातूरला मुलीकडे राहायला गेला. जाण्याआधी घरी येऊन गेला, पण कर्णिक तेव्हा एका परिसंवादाला गेले होते. बायको म्हणाली, “बराच वेळ बसले होते. म्हणाले, भास्करला विचारा, हल्ली वारा कोण वाचून देतं?”

फोन करायचा, करायचा म्हणता राहिला.

इस्माईल वारल्याचं त्याच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं, तेही उशिरा. कर्णिक स्वतः जाऊन कर्नलसाहेबांना सांगून आले.

त्यानंतरही काही वर्षांनी, घर आवरताना, डबे हाताशी आले.

या वेळी कर्णिकांनी थंडीतली सकाळ निवडली. घाई केली नाही. थोड्या गोळ्या झाल्या की पहिली गोळी पुन्हा काट्यावर ठेवली, आणि तिचं वजन तेच आलं की मगच पुढं गेले. तिन्ही डब्यांतली प्रत्येक गोळी तोलली. जे निघालं त्यावर विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलली. तेच निघालं.

मधला डबा सर्वांत वाईट होता. थंड काट्यानं सकाळच्या जड गोळ्या मधल्यांत ढकलल्या होत्या, तापलेल्या काट्यानं संध्याकाळच्या हलक्या. निवडून ठेवलेल्या गोळ्यांतच सर्वांत जास्त तफावत होती. बाजूला टाकलेल्या त्याहून जास्त एकमेकींसारख्या होत्या.

ते तसेच सिन्नरला गेले.

कर्नलसाहेब अंगणात शाल पांघरून बसले होते. नजर अधू झाली होती, कानही. मैदानात आता गवत होतं. एका काठीला झेंड्याची चिंधी उरली होती.

“सर, मी कर्णिक.”

“हं.”

“त्या गोळ्या पुन्हा तोलल्या.” ऐकू जावं म्हणून त्यांनी वाकून, सावकाश सगळं सांगितलं. मधला डबा. टाकलेल्या गोळ्या. बंद खिडक्यांची ती तापलेली माडी. “माझी निवडच चुकली होती, सर. आता पूर्ण खात्री झाली.”

कर्नलसाहेब त्या चिंधीकडे बघत राहिले. वारा होता, पण चिंधी जेमतेम हलत होती...

मग त्यांनी तोंड कर्णिकांकडे वळवलं.

“बरं झालं. इस्माईलला सांगितलंस?”